पाण्याचे दाणे

आमच्या गावात पाणी दाण्यांत मोजायचे.
तांब्याचा पत्रा, त्याला भोकं,
एका भोकातून जेवढं सुटेल तेवढा एक दाणा.
दाण्याचे चोवीस भाग, त्या भागांचेही भाग,
आणि तेवढ्याशा ओलीवरून
दोन सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांशी न बोललेले.

मोजणीच्या दिवशी ओल्या मातीचा गोळा मी धरायचे.
नऊ वर्षांची होते.
हम्मू म्हातारा न बघताच हात मागे करायचा,
मी चिमूटभर माती ठेवायचे.
पत्र्यामागचं पाणी चढलं तर तो एक भोक उघडायचा,
उतरलं तर एक बुजवायचा.
पाणी जिथल्या तिथे थांबलं
की उघडी राहिलेली भोकं मोजायची. झाली मोजणी.
वाळवंटात घाई फक्त माश्यांना.

त्या वर्षी एकाहत्तर भरले.
वहीत चौऱ्याऐंशी होते.
कुणी म्हणालं, पुन्हा मोज. त्यानं पुन्हा मोजलं.
एकाहत्तर.
हाज बेल्खीरचा मुलगा, ओरानला शिकून आलेला, म्हणाला,
पत्र्याला आणखी तेरा भोकं पाडा.
कुणी हसलं नाही.
दोघातिघांनी तर मानाही डोलावल्या,
माणूस तहानेपेक्षा
हिशेब जुळावा म्हणून जास्त कासावीस होतो.
हम्मूनं पत्रा त्याच्या हातात दिला.
"पाड," म्हणाला. "खिळा तिथे आहे."

उत्तरेला, टेकाडापलीकडे, खोल विहिरीवर मोटर चालायची.
टोमॅटो. प्लॅस्टिकच्या मांडवाखाली, भर हिवाळ्यात,
बोटीतून कुठेतरी जाणारे.
मोटरचा आवाज आम्हाला यायचा नाही.
आमच्या बोगद्याला यायचा.

मग वही.
वहीत माझ्या बापाचं नाव नव्हतं.
त्याच्या बापाचंही नव्हतं, ज्यानं जमिनीखाली
गुडघ्यांवर रांगत, तेलाच्या दिव्यावर
चाळीस वर्षं हा बोगदा उपसला
आणि एकदा दरड बसली तेव्हा आतच राहिला.
त्याच्यावरून आलेलं पाणी
आम्ही शेजाऱ्यांच्या पाटातून मागून प्यायचो.

हम्मूनं वही मिटलेलीच ठेवली.
हात मागे केला. मी माती ठेवली.
"नको, घे परत. पहिली नऊ उघडीच राहतील."
कुणाची?
"घशांची."
गावात घसे किती, ते त्यानं
दारोदार फिरून मोजून ठेवले होते:
बाळंतिणी, शेळ्या, मशिदीतला आंधळा,
आमचे पाच,
आणि मोटरच्या राखणीला आलेला मालीचा पोरगा, बूबकर.
"तो तर त्यांचा माणूस!" हाज ओरडले.
"माणूस त्यांचा. घसा त्याचाच."

उरले बासष्ट. ते चौऱ्याऐंशींना पुरवायचे.
रात्र पडली. तीन वेळा चहा झाला, मग साखर संपली.
कुणाचा हौद किती बोटं उतरणार,
कुठली खजुरी सोडायची,
तीही नाव घेऊन, कारण तिथे झाडांनाही नावं असतात.
हाजनी शेवटी अकरा सोडल्या. शिव्या देत सोडल्या.
हम्मूची एकुलती एक होती, ती त्यानं
संध्याकाळीच सांगून टाकली होती.

बापाला दाणा मिळाला.
पुरा नाही. अर्ध्याहून थोडा जास्त.
लिहिणारा अडला: कुणाचा मुलगा म्हणून लिहू?
"बोगद्यातल्याचा," हम्मू म्हणाला,
आणि तसंच लिहिलं गेलं.

त्यानं मोटर थांबली नाही.
पुढच्या मोजणीला अडुसष्ट भरले,
त्याच्या पुढच्या मोजणीला हम्मू नव्हता.

त्या रात्री घरी आले तेव्हा माझ्या मुठीत
उरलेली माती होती, वाळून खडक झालेली,
तिच्यावर माझी बोटं उमटलेली.
सकाळी आईनं ती भिजवली
आणि आमच्या नव्या, हातभर पाटाला
एक फट होती, तिथे लिंपली.